मटारचे दोन ढीग

झाशी जिल्ह्यातल्या गरौठ्यात आमचा एक मावसभाऊ राहतो. घरात मराठी, बाजारात बुंदेली. एका आडत्याकडे हिशेब पाहतो. रोज संध्याकाळच्या चिठ्ठ्यांच्या बेरजेला कंटाळून त्याने पायथनमध्ये तीस ओळींची स्क्रिप्ट लिहिली. पहिल्याच दिवशी यंत्राने मटारचे दोन ढीग दाखवले. माल तोच, भाव तोच, बेरजा मात्र दोन. रात्री एकला चोर सापडला : काही नोंदींत ‘मटर’नंतर चुकून स्पेस पडली होती. माणसाला न दिसणारी ती मोकळी जागा यंत्राला अक्षराइतकीच खरी. कडेची मोकळी जागा छाटणारं एक ‘स्ट्रिप’ लिहिलं आणि ढीग एक झाला.

ही हकिकत पुण्यातल्या भाच्याला सांगितली. तो सी प्लस प्लसवाला. म्हणाला, “मामा, ते स्क्रिप्टिंग. प्रोग्रॅमिंग नव्हे.” तोंड असं केलं, जसं वरातीतला बँड ऐकून एखाद्या खाँसाहेबांनी करावं.

का रे बाबा? तर म्हणे, खरी भाषा कंपाइल होते. अरे, पायथनही आधी बाइटकोड बनवते, मग चालवते. जावाही बाइटकोडच बनवते. तिला कुणी पंगतीतून उठवत नाही. आणि 1995 साली ब्रेंडन आइकने दहा दिवसांत उभी केलेली जावास्क्रिप्ट? नावातच स्क्रिप्ट, पण ती रुसली तर निम्म्या वेबसाइटांची बटणं दाबून उपयोग नाही.

हे सोवळं आपल्याला नवं नाही. बाळबोध लिपी पोथीची, देखणी. मोडी कारकुनाची : हात न उचलता भराभर ओढायची, ऱ्हस्व-दीर्घाचे लाड नाहीत. पण मराठ्यांच्या दफ्तरात वसुली, पगार, पत्रव्यवहार चालला तो मोडीत. पोथी वाचून कुणी सारा गोळा केला नाही.

भाचा यावर काही बोलणार, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याचा सोवळ्यातला प्रोग्रॅम रोज रात्री बांधून सर्व्हरवर चढवते ती एक शेल स्क्रिप्ट. ती अडली होती आणि लिहिणारा रजेवर. तासभर डोकं खाजवल्यावर कळलं, कुणीतरी फाइलच्या नावात मोकळी जागा सोडली होती.

“मामा,” भाचा हळूच म्हणाला, “जरा गरौठ्याचा नंबर दे ना.”