घेण्याआधीचे काका

पिंपरी-भोसरीच्या टूलरूममधून निवृत्त झालेल्या माणसांची एक जात आहे. नोकरीत यांनी दहा मायक्रॉनवरून पोरांना धारेवर धरलेलं असतं. निवृत्तीनंतर त्यांना घरच्या बाल्कनीत स्वतःचं छोटं सीएनसी राउटर हवं असतं. राउटर हवं असणारे काका पुष्कळ भेटतात, राउटर असलेले क्वचित. मधला सगळा काळ ते किट 'बघत' असतात.

बघण्याची साधनं ठरलेली. एक एक्सेल शीट, तिच्यात फ्रेम, स्क्रू, मोटर, स्पिंडल, स्पेअर असे रकाने आणि शेवटी 'शेरा'. शेऱ्यात वरपासून खालपर्यंत एकच मजकूर : 'बरं आहे, पण'.

पुतण्या म्हणतो, "काका, ३०१८ घेऊन टाका. सुरुवात तर होईल."

"घेऊन टाका? मेथीची जुडी आहे का ती?"

हौशी लोकांत हे ३०१८ फार खपतं. कामाचं क्षेत्र ३०० बाय १८० मिलिमीटर, म्हणून हे नाव. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, तीन स्टेपर मोटर, चिमुकला स्पिंडल. विक्रेता पोरगा उत्साहानं सांगतो, "काका, एका मिलिमीटरला आठशे स्टेप्स! अ‍ॅक्युरसी बघा." काका तोंडी हिशेब घालतात. मोटरच्या एका फेऱ्याला २०० स्टेप्स, ड्रायव्हर एकेकीचे सोळा भाग करतो, झाले ३२००. स्क्रूचा लीड ४ मिलिमीटर. भागिले चार, आठशे. "गणित बरोबर आहे तुझं. आता कटर सागवानात घुसला की ही फ्रेम किती वाकते, ते सांग." पोरगा चहा मागवतो.

चहा येईपर्यंत काकांच्या पिशवीतून डायल गेज बाहेर येतो. त्याचा स्टँड चुंबकाचा, आणि अ‍ॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही. काकांना हे ठाऊक असतं. म्हणून पिशवीत घरचा धिरड्यांचा सपाट बिडाचा तवा असतो. तव्यावर स्टँड, डायलचं टोक स्पिंडलला टेकवलेलं, काटा शून्यावर. मग काका स्पिंडलला अंगठ्यानं बाजूनं रेटतात. काटा वीस घरं सरकतो.

"दोन दशांश! अंगठ्याला!" शेजारची स्थळं नाकारणाऱ्या वरमाईसारखं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर पसरतं.

मग मोठं मशीन. बॉल स्क्रू, लिनियर रेल, सव्वादोन किलोवॅटच्या आसपासचा पाण्यानं थंड होणारा स्पिंडल. इथे काटा जेमतेम हलतो आणि काका अस्वस्थ होतात. आता खोट शोधायला हवी. ती सापडते : वजनाला बाल्कनीचा स्लॅब, आवाजाला सोसायटीचे सेक्रेटरी. शिवाय बिट वेगळे, क्लॅम्प वेगळे, व्हॅक्यूम वेगळा, जीएसटी वेगळा. "आणि एमडीएफची पूड कोणाच्या नाकात जाणार, ते कॅटलॉगमध्ये कुठे आहे?"

काकू हे सगळं तव्याच्या काळजीनं ऐकत आलेल्या असतात. एके दिवशी त्या विचारतात, "अहो, पण करणार काय त्याच्यावर?"

"दाराची पाटी."

"केवढी?"

"बारा इंची."

पुतण्या मोबाइलवर बघतो. बारा इंच म्हणजे ३०४.८ मिलिमीटर. काका उसळतात, "बघ! दीड सूत बाहेर! म्हटलं नव्हतं, ३०१८ कामाचं नाही?"

"मग पाटी साडेअकरा इंची करा," काकू म्हणतात आणि तवा घेऊन आत जातात.

शीटमध्ये त्या रात्री नवा रकाना येतो : 'पाटी'.

पुतण्यानं मात्र ३०१८ घेतलं. पहिल्याच दिवशी त्याची गोल अक्षरं लांबट यायला लागली. तो सॉफ्टवेअरमध्ये डोकं खुपसून बसला होता. काका आले, एक हात मोटरवर ठेवला, दुसऱ्यानं स्क्रू हलवला आणि म्हणाले, "कपलरचा ग्रब स्क्रू ढिला आहे. एलन की आण." पाच मिनिटांत 'ठ' गोल झाला. जाता जाता ते बजावून गेले, "तरी सांगतो, प्ले आहे याला."

काकांचे प्रश्न सगळे रास्त आहेत, फक्त क्रम उलटा आहे. काय करायचं, कशात करायचं आणि केवढं करायचं, हे आधी ठरवा. त्यावरून मशीनचा आकार ठरतो. मग फ्रेमचा ताठपणा बघा, मग स्क्रू आणि रेल, मोटरचे आकडे सगळ्यात शेवटी. एमडीएफवर आणि मऊ लाकडावर अक्षरं कोरायला दोन दशांशाचा प्ले बहुधा चालून जातो. अ‍ॅल्युमिनियम कापायचं असेल तर चालत नाही. खरेदीला असे काका जरूर बरोबर न्या, डायल त्यांना लावू द्या. पाकीट मात्र तुमच्याच खिशात ठेवा आणि काकांचा 'पण' सुरू झाला की बिल करायला सांगा.