कॅमेरेवाले काका

मराठी मध्यमवर्गीय वसाहतींत आढळणारा ‘कॅमेरेवाले काका’ हा मनुष्यप्रकार वाचकांच्या चांगल्या परिचयाचा असल्यामुळे त्याची व्याख्या करीत बसण्याचे कारण नाही. केवळ एवढे नमूद करणे आवश्यक आहे की, या काकांकडे कॅमेरा नसतो. ते तो घेणार असतात. गेली कित्येक वर्षे ते कॅमेरा ‘बघत’ असल्यामुळे वसाहतीतील मुलांनी त्यांना ही पदवी बहाल केलेली असते आणि त्यांनीही ती कोणताही संकोच न बाळगता स्वीकारलेली असते. सहकारी बँकेतून निवृत्त झालेले, डोंबिवलीच्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे काका हा या प्रकाराचा अस्सल नमुना होय, आणि पुढील विवेचन मुख्यतः त्यांच्यावरच आधारलेले आहे.

काकांची कॅमेऱ्याविषयीची समस्त भूमिका समजून घेण्यासाठी प्रथम ‘स्लॉट’ म्हणजे काय हे समजून घ्यावे लागते. डिजिटल कॅमेऱ्याने टिपलेली छायाचित्रे व चलचित्रे ज्या लहानशा चपट्या पत्तीवर साठवली जातात ते मेमरी कार्ड, आणि ते बसवण्याची जी खाच तिला स्लॉट म्हणतात. साध्या कॅमेऱ्याला एकच स्लॉट असतो. धंदेवाईक छायाचित्रकारांसाठी केलेल्या कॅमेऱ्यांना बहुधा दोन असतात, ज्यामुळे प्रत्येक छायाचित्र एकाच वेळी दोन्ही कार्डांवर उतरवता येते व एक कार्ड ऐनवेळी बिघडले तरी दुसऱ्यावर काम शाबूत राहते. लग्नाच्या छायाचित्रकाराला ही सोय हवीच असते, कारण वधूवरांना सप्तपदी पुन्हा चालायला लावता येत नाही. काकांना टिपायची असतात ती गॅलरीतील जास्वंद, नातीचे स्नेहसंमेलन आणि हिवाळ्यात भिगवणला येणारे रोहित पक्षी, ज्यांपैकी कोणीही पुढच्या वर्षी येण्यास आजवर नकार दिलेला नाही. तथापि दुसऱ्या स्लॉटच्या बाबतीत तडजोड नाही, हे काकांनी एकदा ठरवले ते ठरवले.

२०१८ हे वर्ष काकांच्या चरित्रात विशेष महत्त्वाचे ठरते. भिंगातून आलेली प्रतिमा आरशावरून परावर्तित करून डोळ्यापर्यंत पोचवणाऱ्या डीएसएलआर कॅमेऱ्यांची जागा त्या सुमारास आरसा नसलेले, वजनाला हलके, ‘मिररलेस’ म्हटले जाणारे कॅमेरे घेऊ लागले होते. निकॉनने झेड ६ व झेड ७ आणि कॅननने ईओएस आर हे कॅमेरे त्याच वर्षी आणले, आणि नेमकी त्याच वेळी काकांची एक मुदत ठेव भरली. एका शनिवारी फास्ट लोकलने ते फोर्टात उतरले आणि बोराबाजारातील एका दुकानात शिरले. विक्रेत्याने झेड ६ त्यांच्या हाती दिला. अन्य गिऱ्हाईक अशा वेळी कॅमेरा डोळ्याला लावते. काकांनी तो पाठमोरा धरला, उजव्या मुठीच्या बाजूचे झाकण अंगठ्याने मागे सरकवले, चष्मा कपाळावर चढवून आत डोकावले आणि विचारले, ‘दुसरा कुठाय?’

‘काका, याला एकच असतो.’

‘एकच?’ काका म्हणाले, आणि भरलेली ठेव पुढील सोमवारी आणखी तीन वर्षांसाठी पुन्हा गुंतवण्यात आली.

ही तक्रार एकट्या काकांची नव्हती, हे त्यांच्याविषयी न्यायबुद्धी बाळगून सांगितले पाहिजे. त्या एकुलत्या एका स्लॉटवरून जगभरच्या छायाचित्रकारांनी निकॉनला धारेवर धरले होते आणि २०२० च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झालेल्या पुढच्या आवृत्त्यांत कंपनीने दुसरा स्लॉट दिला. तो आपल्यासाठीच दिला, अशी काकांची प्रामाणिक समजूत आहे. तरीही त्यांनी तो कॅमेरा घेतला नाही, कारण त्यातील दोन स्लॉट दोन वेगळ्या जातींच्या कार्डांचे होते, म्हणजे एक महागड्या सीएफएक्स्प्रेसचा व दुसरा नेहमीच्या एसडीचा. सोनीच्या ए७ थ्रीला दोन्ही स्लॉट एसडीचेच होते, परंतु त्यांतील एकच वेगवान पद्धतीचा होता, आणि दोन्हींवर एकदम लिहायचे झाल्यास वेग मंद स्लॉटचाच मिळतो. ‘एक पळणार, एक लंगडणार, आणि पळणाऱ्यानं लंगडणाऱ्यासाठी थांबायचं,’ असे म्हणून काकांनी तोही निकालात काढला. कॅननच्या आर६ला दोन स्लॉट होते, ते एकाच जातीचे होते आणि दोन्ही सारखेच वेगवान होते. तेव्हा काका काही दिवस खरोखर अस्वस्थ होते, परंतु लांबलचक फोर-के चित्रण केल्यास तो तापतो व थांबतो अशी वार्ता सुदैवाने वेळेवर आली. नातीचा नाच चार मिनिटांचा असतो, ही गोष्ट काकूंनी निदर्शनास आणली. काकांनी तिची नोंद घेतली नाही.

काकांचा इतिहासाभ्यासही याच एका प्रश्नाभोवती फिरतो. सावेदादा या नावाने ओळखले जाणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी विलायतेहून कॅमेरा मागवून १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्तीचे चित्रण केले, आणि दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले, हे सर्वश्रुत आहे. फाळक्यांनी त्या कॅमेऱ्याने कुंडीतल्या दाण्याचे रोप कसे वाढते ते थोडेथोडे टिपून त्याचा चित्रपट केला आणि पुढच्याच वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. तो चित्रपट आज संपूर्ण अवस्थेत उपलब्ध नाही, ही दुःखद वस्तुस्थिती सांगताना काका क्षणभर थांबतात आणि श्रोत्याकडे सूचक नजरेने पाहतात. सुज्ञ श्रोता अशा वेळी चहाचा कप खाली ठेवून निघतो, कारण पुढचे वाक्य त्याला पाठ असते. फाळक्यांनी दुसऱ्या स्लॉटची वाट पाहिली असती तर भारतात चित्रपट केव्हा सुरू झाला असता, हा प्रश्न मात्र काकांना विचारण्याचे धाडस अद्याप कोणी केलेले नाही.

या सर्व काळात काकांनी एकही छायाचित्र काढलेले नाही, अगदी मोबाइलनेही नाही. त्यांच्या मते मोबाइल फोन करण्यासाठी असतो. याचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला आहे की, सोसायटीच्या कास पठाराच्या सहलीपासून दिवे घाटातील वारीपर्यंत प्रत्येक सामूहिक छायाचित्रात काका हटकून आढळतात, कारण कॅमेरा ज्याच्या हाती असतो तो माणूस छायाचित्रात नसतो आणि काकांच्या हाती तो कधीच नसतो. बहुतेक छायाचित्रांत त्यांचे तोंड उघडे व तर्जनी वर असते. ते छायाचित्र काढणाऱ्याला सूचना देत असतात.

मात्र त्या सूचना बरोबर असतात, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. गेल्या गणेशोत्सवात तळमजल्यावरच्या एका मुलाने आरतीचे चित्रण केले, तेव्हा मंडपाच्या दिव्यांखाली चित्रावर काळसर पट्टे सरकताना दिसू लागले आणि नवा कॅमेरा बिघडला असे समजून त्याचा चेहरा उतरला. काकांनी दुरूनच सांगितले, ‘शटर पन्नासावर आण.’ आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते, त्यामुळे अनेक दिव्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. शटर, म्हणजे प्रत्येक चौकटीवर प्रकाश पडू देण्याचा काळ, एकपन्नासांश किंवा एकशतांश सेकंद ठेवल्यास उजेडाचे पूर्ण हेलकावे त्यात मावतात आणि पट्टे नाहीसे होतात. ते झाले.

तो कॅमेराही त्या मुलाने काकांच्याच सल्ल्याने घेतलेला होता. ‘फुल फ्रेम’ म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा, जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्याच्या मागे न लागता त्याहून लहान, एपीएस-सी आकाराच्या सेन्सरचा कॅमेरा घे, उरलेल्या पैशांत एक चांगले भिंग घे, कारण कॅमेरे जुने होतात पण भिंग पुढेही कामी येते. मात्र पुढचा कॅमेरा त्याच माउंटचा, म्हणजे तेच भिंग ज्याच्या तोंडावर बसेल असा, घ्यावा लागेल. आणि चित्रणात मागाहून रंग सुधारायचे असतील तर टेन-बिटची सोय पाहून घे, कारण साध्या आठ-बिट चित्रणात प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा मिळतात आणि टेन-बिटमध्ये १०२४, हे त्यांनी त्याला कागदावर लिहून दिले होते. मुलाने भीतभीत विचारले होते, ‘काका, पण याला एकच स्लॉट आहे.’ त्यावर काका म्हणाले होते, ‘तुला एक पुरे.’

या उत्तराचा उलगडा काकूंकडून होतो, तोही काका भाजी आणायला गेलेले असताना. ऐंशीच्या दशकात काकांच्या धाकट्या बहिणीचे लग्न झाले, त्या वेळी खर्च वाचावा म्हणून छायाचित्रे काढण्याचे काम काकांनी स्वतःकडे घेतले आणि बँकेतल्या मित्राचा कॅमेरा उसना आणला. त्या काळच्या कॅमेऱ्यात ३६ छायाचित्रांचा रोल घालताना फिल्मचे टोक समोरच्या गुंडाळीच्या खाचेत नीट अडकवावे लागे. ते निसटले तर खटका दाबल्याचा आवाज येई, तरफ फिरे, आकडाही पुढे सरके, आणि फिल्म मात्र डबीतच जागच्या जागी राही. दर वेळी तरफ ओढताना डाव्या हाताची परत गुंडाळण्याची कळ फिरते की नाही, हे पाहणे हाच त्यावरचा उपाय होता आणि तो काकांना कोणी सांगितलेला नव्हता. त्यांनी सीमांतपूजनापासून पाठवणीपर्यंत छत्तीस खटके मोजून दाबले. धुऊन आलेली फिल्म कोरी होती. कन्यादान करताना डोळे पुसणारे वडील तिच्यात असायला हवे होते, आणि ते पुढच्याच वर्षी गेले.

त्या लग्नाचे एकमेव छायाचित्र एका दूरच्या मामांनी आपल्या अ‍ॅग्फा क्लिक थ्रीने काढलेले आहे. त्यात आचारी व्यवस्थित दिसतो आणि त्याच्या खांद्यामागे वडिलांचा अर्धा फेटा दिसतो. ‘माझं लग्न लागलं होतं हे मुलांना तोंडीच पटवावं लागतं, दादा,’ असे बहीण दर भाऊबीजेला हसत म्हणते, आणि काकाही हसतात. तांत्रिकदृष्ट्या पाहता दुसऱ्या स्लॉटचा या दुर्घटनेशी काडीचाही संबंध नाही, कारण आजचा कॅमेरा कार्ड नसेल तर तसे पडद्यावर लिहून दाखवतो आणि काढलेले छायाचित्र त्याच क्षणी पाहता येते. काकांना हे ठाऊक नसेल असे मानणे हास्यास्पद ठरेल.

ज्या वाचकांना छायाचित्रणासाठी किंवा चलचित्रणासाठी नवा कॅमेरा घ्यायचा असेल त्यांनी आपल्या वसाहतीतील अशा काकांना अवश्य विचारावे, कारण इतका निःस्वार्थ आणि अचूक सल्ला कोणत्याही दुकानात मिळणार नाही. दुकानात मात्र त्यांना सोबत नेऊ नये. कॅमेरा घरी आला की प्रथम तो त्यांच्याकडे न्यावा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचे पहिले छायाचित्र त्यांनाच काढायला सांगावे. ते आधी झाकण उघडून आत पाहतील, तेवढे त्यांना पाहू द्यावे.