डॉटच्या अलीकडचं नाव

नाव बदलण्याचा आमच्या शहराइतका अनुभव फार थोड्या शहरांच्या गाठीशी असेल. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलं तेव्हा खडकी, त्याचा मुलगा फतेहखान याच्या काळात फतेहनगर, औरंगजेब १६५३ मध्ये सुभेदार म्हणून पुन्हा आला तेव्हापासून औरंगाबाद, १९८८ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांनी जाहीर केल्यापासून अनेकांच्या तोंडी संभाजीनगर आणि २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी आल्यावर कागदोपत्री छत्रपती संभाजीनगर. एवढ्या अनुभवी गावात एका वेबसाइटला नाव ठेवायला किती वेळ लागावा? आमच्या घरात दिवाळीत विषय निघाला आणि संक्रांतीचे तिळगूळ वाटून झाले तरी तो मिटला नव्हता.

भाचीला हिमरूच्या शाली आणि स्टोल ऑनलाइन विकायचे होते. रेशीम आणि सूत एकत्र विणून केलेलं हे इथलं कापड. तुघलकाने दिल्लीहून राजधानी दौलताबादेला हलवली तेव्हा विणकर मागोमाग आले, असं सांगतात. कापड तयार होतं, फोटो निघाले होते, अडलं होतं ते फक्त डोमेनपाशी. “मामा, तू लिहितोस ना, मग एक झकास नाव सुचव,” असं म्हणून तिने काम माझ्या गळ्यात घातलं. लिहिणाऱ्याला नावं सुचतात, हा समाजाचा जुना गैरसमज आहे. लिहिणाऱ्याला शीर्षक सुचत नाही म्हणून तर संपादक नावाची संस्था टिकून आहे.

पण सुचवणाऱ्यांची वाण नव्हतीच. आजीचं म्हणणं, आधी तुळजाभवानीचं नाव, मग बाकी काय ते. दाजींना नावात ‘श्री’ हवा होता, ‘ग्लोबल’ हवं होतं आणि शहराचं नावही हवं होतं. शहराचं नाव म्हटल्यावर प्रश्न आला, कोणतं? जुनं घ्यावं तर परदेशातलं गिऱ्हाईक अजून तेच शोधतं, पण औरंगाबाद बिहारातही आहे. नवं घ्यावं तर देवनागरीत मोजून दहा अक्षरं असलेलं हे नाव रोमन लिपीत चोवीस अक्षरांचं होतं. त्यापुढे हिमरूची सहा जोडली की तीस. डोमेनच्या एका तुकड्यात ६३ अक्षरांपर्यंत परवानगी असते, म्हणजे नियमाची काही हरकत नव्हती. हरकत गिऱ्हाइकाच्या अंगठ्याची होती.

खरा घोळ पुढे होता. देवनागरीत ऱ्हस्व-दीर्घावरून आपण पिढ्यानपिढ्या भांडत आलो, पण निदान भांडायला नियम तरी आहेत. मराठी शब्द रोमनमध्ये लिहायला कसलाच नियम नाही. ‘श्री’ लिहायच्या तीन रीती आमच्या एकाच घरात निघाल्या आणि तिन्ही लग्नपत्रिकांवर छापून झालेल्या होत्या. हिमरूच्या शेवटी ‘यू’ एकटा की दोन ‘ओ’? दाजींनी अंकशास्त्र काढलं आणि मध्ये एक ‘ए’ फुकटचा घालायला सांगितला. मोबाइलवर मराठी गप्पा मारताना आपण वाटेल ते स्पेलिंग करतो आणि वाचणारा समजून घेतो. डोमेन समजून घेत नाही. एक अक्षर चुकलं की तुम्ही थेट दुसऱ्याच्या दारात.

आणि त्या दारात मुद्दाम दुकान थाटून बसणारेही असतात. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं होतं. ‘रेडिफ’ची वेबसाइट जोरात चालू असताना कुणीतरी ‘रॅडिफ’ नावाचं डोमेन घेतलं. रोमनमध्ये फरक एका स्वराचा. न्यायालयाने रॅडिफवाल्यांना ते नाव वापरायला मनाई केली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ‘सिफी’च्या खटल्यात सांगितलं की डोमेन म्हणजे नुसता पत्ता नव्हे, व्यापारचिन्हासारखीच त्याची पत राखली पाहिजे. तेव्हा एका ‘ए’ची किंमत दाजी समजत होते त्यापेक्षा जास्तच होती, फक्त वेगळ्या कारणाने.

बरं, नाव ठरलं तरी मिळायला हवं. नोंदणीच्या खिडकीत आवडतं नाव टाकावं तर ‘उपलब्ध नाही’ असं उत्तर यायचं आणि खाली पर्याय दिसायचे, हिमरूपुढे ‘शॉप’, ‘ऑनलाइन’, ‘२४’, नाहीतर मध्ये एक आडवी रेघ. ती रेघ फोनवर कशी सांगायची यावर पुन्हा चर्चा. भाची डॅश म्हणे, दाजी मायनस म्हणत आणि आजी म्हणाली, “मधे थोडं थांबायचं, असं सांग.”

खरं म्हणजे हा सगळा खटाटोप माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत म्हणून सुरू झाला. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता असतो. सुरुवातीला यंत्रं इतकी थोडी होती की कोणत्या नावाचा कोणता आकडा, याची एकच यादी पुरायची. कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी ती सांभाळत, आणि नाव नोंदवायचं तर कचेरीच्या वेळेत त्यांना फोन करावा लागे. यादी आवरेना तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आजची डोमेन पद्धत मांडली. १५ मार्च १९८५ रोजी पहिलं ‘डॉट कॉम’ नोंदवलं गेलं. आपल्या ‘डॉट इन’चा कारभार ‘निक्सी’ ही संस्था पाहते आणि २००५ पासून ते कुणालाही सहज घेता येतं.

आम्हा सिडकोतल्या लोकांना ही पद्धत कुणी समजावून सांगायला नको. सिडकोने वसाहती आखल्या आणि त्यांना एन-१, एन-२ असे आकडे दिले. नकाशावर अगदी सुबक. पण रिक्षावाल्याला एन-११ म्हणावं तर तो विचारात पडतो, टीव्ही सेंटर म्हटलं की म्हणतो, “बसा.” दुसरं साम्य जास्त महत्त्वाचं. सिडकोची घरं मिळाली ती भाडेपट्ट्याने. डोमेनचंही तसंच. ते विकत मिळतं असं आपण म्हणतो, पण मिळतो तो वर्षाचा, फार तर एका वेळी दहा वर्षांचा पट्टा. मुदत भरली आणि पैसे भरायचे राहिले की थोडी सवलत मिळते, मग सोडवून घ्यायला जादा दंड पडतो आणि शेवटी नाव बाजारात मोकळं. हे मोठ्यांनाही चुकलेलं नाही. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्ट ‘पासपोर्ट’ हे डोमेन नूतनीकरण करायला विसरली आणि अनेकांना आपल्या हॉटमेलमध्ये शिरता येईना. अमेरिकेतल्या एका प्रोग्रॅमरने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरले, तेव्हा घोडं पुढे चाललं.

आमच्याकडे विसरण्यापेक्षा भोळेपणा जास्त नडतो. ओळखीतला एखादा पोरगा स्वस्तात वेबसाइट करून देतो. डोमेन तोच घेतो, स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर. पुढे त्याला पुण्यात नोकरी लागते, त्याचा नंबर बदलतो आणि दुकान इथे, किल्ली हिंजवडीला असा कारभार होतो. फसवायचं कुणाच्याच मनात नसतं, तरी नाव अडकतं.

मग भाचीने देवनागरीतल्या ‘डॉट भारत’चा पर्याय काढला. २०१४ पासून मराठीतही डोमेन घेता येतं. स्पेलिंगचं भांडणच मिटलं म्हणून मी हुरळलो. पण यंत्राच्या पोटात हे देवनागरी नाव जातं ते रोमन अक्षरांचा बुरखा पांघरून, सुरुवातीला एक्स, एन आणि दोन आडव्या रेघा लावून. शिवाय मराठी बोलणाऱ्या पुष्कळ मंडळींच्या फोनवर मराठी कळफलक सापडत नाही, हेही त्याच दिवशी घरात सिद्ध झालं. म्हणून देवनागरी नाव मानाने घ्यायचं आणि दुकान रोमन पाटीवर चालवायचं, असा तह झाला.

शेवटी नाव ठरलं ते आजीमुळे. उरलेल्या नावांपैकी एकेक नाव तिने जालन्याच्या मावशीला फोनवर सांगायचं आणि मावशीने लिहून त्याचा फोटो पाठवायचा. मागे मिक्सर चालू, कुकरच्या शिट्ट्या, मावशीला एका कानाने कमी ऐकू येतं, म्हणजे परीक्षा कडकच. ‘श्री’ गेला, ‘ग्लोबल’ गेलं, रेघ गेली, अंकशास्त्राचा ‘ए’ तर पहिल्याच फेरीत गळाला. एकच छोटं नाव तिने न विचारता बरोबर लिहिलं. तेच घेतलं. मी सुचवलेली नावं त्यात नव्हती.

मावशीच्या परीक्षेवर माझा विश्वास बसला, कारण या भागात नावं अशीच टिकली आहेत. तुघलकाने देवगिरीचं दौलताबाद करून सातशे वर्षं होत आली, तरी देवगिरी एक्सप्रेस धावते आहे आणि देवगिरी महाविद्यालयात मुलं शिकत आहेत. पाटीवर महावीर चौक असला तरी लोक बाबा पेट्रोल पंपालाच उतरतात. नोंदणीने नावावर हक्क मिळतो, पण ते चालवतात ती घेणाऱ्यांची तोंडं. जे नाव दोनदा सांगावं लागतं ते कितीही अर्थपूर्ण असो, दुकानाच्या कामाचं नाही.

तेव्हा नवी वेबसाइट काढणाऱ्यांनी एवढं करावं. नाव छोटं घ्यावं, घरातल्या सर्वांत कमी ऐकू येणाऱ्या माणसाला ते फोनवर सांगून पाहावं, स्वतःच्याच नावावर आणि स्वतःच्याच ईमेलवर नोंदवावं. आणि नूतनीकरणाची तारीख स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर, दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी लिहून ठेवावी. तिथे लिहिलेलं आपल्या घरात कुणी विसरत नाही.