न वाजणारी तबकडी

टीना ब्रुक्स. नावावर जाऊ नका, हा बाप्या टेनर सॅक्सोफोन वाजवायचा. १९५८ ते १९६१ दरम्यान न्यूयॉर्कच्या ब्लू नोट कंपनीने त्याच्या चार अल्बमांचं ध्वनिमुद्रण केलं आणि त्याच्या हयातीत बाजारात आणला एकच, ‘ट्रू ब्लू’. ‘बॅक टू द ट्रॅक्स’ला तर कॅटलॉग क्रमांक मिळाला, मुखपृष्ठही ठरलं, तबकडी तेवढी निघायची राहिली. १९७४ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी तो गेला.

आता ‘ट्रू ब्लू’च्या मूळ प्रतीसाठी रसिक हजारो डॉलर मोजतात आणि ओरखडा पडेल म्हणून ती वाजवत नाहीत. न ऐकवण्याचं हे काम कंपनीने निदान स्वस्तात केलं होतं! चारही अल्बम नंतर साध्या सीडीवर निघाले आहेत. अस्सल संग्राहकाच्या लेखी ते बाद.