खुर्ची उलटून बोलत नाही

नागपूरचा माणूस उमरेडला आजवर कोळशाच्या कामानं जायचा, तसाच पुढं भिवापूरला मिरचीसाठी जायचा आणि गेली काही वर्षं कऱ्हांडल्याच्या जंगलात वाघ पाहायला जातो. या हिवाळ्यापासून तो स्वतःला भेटायलाही तिकडंच जाऊ लागला आहे. नागपुरात भेट होत नाही म्हणे. ट्रॅफिक फार.

आमचे साडभाऊ नुकतेच असे भेटून आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. ज्या खात्यानं ३७२ कोटींच्या अंदाजाचं गोसेखुर्द धरण हाती घेतलं, १९८८ साली राजीव गांधींच्या हातून भूमिपूजन करवलं आणि जे अजून त्याचे कालवेच पुरे करतं आहे, त्या खात्यात जन्म काढलेल्या माणसाला शनिवार-रविवारात काही पूर्ण होतं यावर विश्वास बसावा, हेच मला पहिलं नवल वाटलं. पण नाव नोंदवलं होतं वहिनींनी. व्हॉट्सॲपवर जाहिरात आली होती: निवासी शिबिर, नाट्यातून मनाचा उपचार, मनात दाटलेलं सगळं बाहेर काढा, तुमच्या आतल्या लहान मुलाला भेटा. फी पाच आकडी, जीएसटी वेगळा. पहाटेची सफारी ऐच्छिक, तिचा आकार जादा. म्हणजे आतलं मूल पॅकेजमध्ये आणि बाहेरचा वाघ एक्स्ट्रा.

शिबिर घेणाऱ्या ताई पुण्याच्या. गोलात बसल्यावर त्यांनी पहिला नियम सांगितला की इथं कुणी साहेब नाही, सर नाही, काकाजी नाही, फक्त नाव. नागपूरकडच्या माणसाच्या नावापुढचा ‘जी’ काढणं म्हणजे त्याला चारचौघांत बनियनवर उभं करणं. साडभाऊंना त्यांच्या आईनंतर नुसत्या नावानं हाक मारणारी ही पहिलीच व्यक्ती, आणि तीही मुलीच्या वयाची. निम्मा उपचार तिथंच झाला असं ते म्हणतात. माझ्या मते तो रक्तदाब होता.

मग सगळ्यांना प्राणी व्हायला सांगितलं. कऱ्हांडल्याच्या वेशीवर दुसरं काय सुचणार? बहुतेक सगळे वाघ झाले. बँकेतल्या एक बाई हरीण झाल्या, त्यांच्यामागे एवढे वाघ लागले की ताईंना मध्ये पडून ‘श्वासाकडे लक्ष द्या’ म्हणावं लागलं. साडभाऊ कासव झाले आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत कासवच राहिले; खात्यातला अनुभव कामी आला. चहाचा ट्रे घेऊन दारात आलेला जवळच्या गावचा पोऱ्या हे बघून थबकला आणि आचाऱ्याला विचारता झाला, “का जी, सायबायच्या अंगात आलं का?”

या पोऱ्याबद्दल पुढं सांगतो. शिबिराचा खरा नायक तोच.

आधी या नाट्योपचाराच्या विद्येचा मान ठेवू. ही विद्या थापा नाही. व्हिएन्नातल्या जेकब लेव्ही मोरेनो नावाच्या डॉक्टरानं १९२१ साली एका नाट्यगृहात पहिला प्रयोग लावला. पडदा उघडला तर मंचावर एक सिंहासन, बाकी काही नाही. ना नट, ना संहिता. डॉक्टर स्वतः विदूषकाच्या वेषात, आणि प्रेक्षकांना आवाहन की वर या, राजा व्हा, देश कसा चालवणार ते सांगा. महायुद्धात सम्राट गमावलेल्या शहरात हे चालू होतं. कुणाचंच राजेपण लोकांना पटलं नाही आणि प्रयोग सपशेल पडला. तारीख होती १ एप्रिल. मानसोपचाराच्या एका शाखेचा वाढदिवस एप्रिल फूलच्या दिवशी येतो हे मी रचलेलं नाही. पुढं मोरेनो अमेरिकेत गेला, दवाखाना काढला, दवाखान्यात रंगमंच बांधला आणि माणसाला स्वतःच्याच आयुष्याचा प्रवेश करून दाखवायला लावण्याची पद्धत बसवली. भूमिकांची अदलाबदल करायची, बोलता येत नसेल तर मागं दुसऱ्यानं उभं राहून त्याच्या मनातलं बोलायचं, आणि समोर रिकामी खुर्ची ठेवून तिच्यात आपला बाप, भाऊ, साहेब बसला आहे असं समजून बोलायचं. जाणत्या माणसाच्या हातात, आठवड्यामागून आठवडे, हे काम करतं. आपल्याकडे तर ‘घाशीराम कोतवाल’मधला नाना फडणवीस रंगवणारा माणूस मनोविकारतज्ज्ञच होता, डॉ. मोहन आगाशेंना नाटक आणि मन यांचं नातं कुणी ब्रोशरमधून शिकवायला नको. नागपुरातलं मनोरुग्णालयही १८६४ पासून उभं आहे. मोरेनोचा जन्म त्यानंतर पंचवीस वर्षांनी झाला. पण मनोरुग्णालयाच्या फाटकात दिसलो तर लोक काय म्हणतील? रिसॉर्टच्या फाटकात दिसलो तर लोक लाइक करतात. सरकारच्या १४४१६ या क्रमांकावर मनाचं दुखणं फुकट ऐकून घेतात, पण तिथं ना पूल आहे, ना सेल्फी पॉइंट, ना रात्रीची शेकोटी. आमच्याकडच्या माणसाला दुःखसुद्धा एसी रूमसकट लागतं.

शनिवारी दुपारी हरीण झालेल्या त्या बाईंना गोलाच्या मधोमध बसवलं आणि लहानपणीचा एक प्रसंग करून दाखवायला सांगितला. बाई नको म्हणाल्या. ताई म्हणाल्या, नको म्हणतेस तिथंच गाठ आहे. बाकीचे, आदल्या तासाचे वाघ, आणखी सरकून बसले. गोल लहान झाला.

इथं मला ३१ डिसेंबर २०२४ आठवतो. याच जंगलात, गोठणगावच्या वाटेवर, एफ-२ नावाची वाघीण आपल्या पाच बछड्यांना घेऊन निघाली होती, आणि नववर्षाच्या उत्साहात आलेल्या सफारीच्या जिप्सींनी तिला दोन्ही बाजूंनी अडवलं. पुढं गाड्या, मागं गाड्या, मध्ये ती. चित्रफीत फिरली, चालक आणि गाइड निलंबित झाले, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं आपण होऊन दखल घेतली. वाघिणीचं नशीब की ती वाघीण होती. बँकेतल्या बाईला वीस जणांनी घेरलं तर त्याला ‘होल्डिंग स्पेस’ म्हणतात, आणि शेवटी टाळ्या वाजवतात. शहरातली हौशी मंडळी गावात येतात, खेळ म्हणून कोर्ट मांडतात आणि एका बाईचं आयुष्य उसवून काढतात, हे तेंडुलकरांनी १९६७ सालीच ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये दाखवलं होतं. बेणारेबाईंचे ते सहकलाकार आज असते तर त्यांना सर्टिफिकेट मिळालं असतं. खेळ संपल्यावर त्या बाईंना रात्री झोप लागली की नाही, हे विचारायला शिबिरात कुणी नव्हतं. ताई दुसऱ्या दिवशीच्या स्लाइड करत होत्या. माझी चीड आहे ती एवढ्याच जागी. गाठ सोडायला हरकत नाही. पण सोडलेला दोरा रविवारी संध्याकाळी चेकआउटच्या वेळी कुणाच्या हातात असतो?

तर तो पोऱ्या.

संध्याकाळी एका सॉफ्टवेअरवाल्या तरुणाला आपल्या वडिलांशी बोलायचं होतं. वडील व्हायला गोलातून कुणी तयार होईना. सगळ्यांना स्वतःचं रडायचं होतं, दुसऱ्याच्या रडण्यात नोकरी कोण करणार? ताईंनी पाण्याच्या बाटल्या ठेवायला आलेल्या त्या पोऱ्यालाच विचारलं, “तू बाबा होशील का?” त्यानं ट्रे खाली ठेवला, नॅपकिन खांद्यावर टाकला आणि विचारलं, “बाप कसा पायजे? दारुड्या का कर्जवाला?”

कारण हा पोऱ्या दिवाळीपासून होळीपर्यंत सुट्ट्या मारून गावोगावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, नाटक करणारा. या पूर्व विदर्भात, झाडीपट्टीत, हा मोसमच असतो. वडसा-देसाईगंजला नाटक कंपन्यांची ठाणी, भाऊबिजेपासून गावोगाव मंडया, शंकरपटाच्या बैलांमागोमाग रात्रीचं नाटक. दहा-अकराला तिसरी घंटा आणि पडदा पडतो तो उजाडता. थंडीत चवाळं पांघरून हजारो माणसं बसतात. स्टेजवर सासू सुनेला जाच करते, धाकटा भाऊ थोरल्याची जमीन लाटतो, बाप पोराच्या दारात उपाशी मरतो, आणि खाली चटईवर तीच सासू, तोच भाऊ, तोच पोरगा शेजारी-शेजारी बसून डोळे पुसतात. त्याच मंडईत सोयरिकीही जुळतात. याच रंगभूमीवर पाच हजारांवर प्रयोग केलेल्या गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. इतक्या लोकांना इतक्या रात्री रडवल्याबद्दल पुण्यात त्यांना दर तासानं फी लावता आली असती.

पोऱ्यानं कर्जवाला बाप केला. आवाज असा लावला की स्विमिंग पुलावरची माणसं धावत आली. सॉफ्टवेअरवाला ढसाढसा रडला, ताई रडल्या, आचारी दारात उभा राहून रडला आणि पोळ्या करपल्या. प्रवेश संपल्यावर पोऱ्यानं रिवाजाप्रमाणे वाकून नमस्कार केला आणि थांबला. नाटकात अशा वेळी प्रेक्षकांतून बक्षीस येतं, नावानिशी माइकवरून पुकारतात. इथं ताई म्हणाल्या, “आत्ता तुला शरीरात काय जाणवतंय?” तो म्हणाला, “भूक.”

आता साडभाऊंची पाळी. त्यांचं दुखणं साधं आहे: धाकटा भाऊ. हा भाऊ खुद्द उमरेडला राहतो. रिसॉर्टपासून त्याचं घर गाडीनं चहा गार होण्याच्या आत गाठता येतं. दोघांची वाटणी होऊन बरीच वर्षं झाली, पण शेताच्या कोपऱ्यावर, धुऱ्यावर एक आंब्याचं झाड आहे, ते कोणाचं यावरून बोलणं बंद. नात्यातल्या लग्नांत एक पहिल्या पंगतीला बसतो तर दुसरा शेवटच्या. एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त निदान सगळे एका छपराखाली तरी न बोलता राहतात, यांनी त्यासाठी दोन गावं घेतली.

ताईंनी रिकामी खुर्ची मांडली. “भाऊ बसलाय. बोल.” आणि साडभाऊ बोलले. अर्धा तास बोलले. आंब्यापासून सुरुवात करून आजीच्या पाटल्यांपर्यंत गेले, मग आईच्या आजारपणात कोण आलं, कोण नाही, यावर आले आणि शेवटी खुर्चीच्या गळ्यात पडले. खुर्चीनं माफ केलं. ताई म्हणाल्या, तुझं क्लोजर झालं. सगळ्यांनी मिठ्या मारल्या. रविवारी दुपारी साडभाऊ हलके होऊन, सर्टिफिकेट मागच्या सीटवर ठेवून, भावाच्या घरावरून गाडी न थांबवता नागपूरला परतले.

“थांबला का नाहीत?” मी विचारलं.

“झालं ना बोलून आमचं,” साडभाऊ म्हणाले.

खुर्चीचे फायदे निर्विवाद आहेत. ती मध्येच ‘तूच काय केलं होतं’ म्हणत नाही, तिची बायको आतून भांडी आपटत नाही, तिला स्वतःचा आंबा नसतो. या जंगलातला प्रसिद्ध वाघ जय २०१३ साली नागझिऱ्याहून आपला भाऊ वीरू याला मागं टाकून शंभराहून अधिक किलोमीटर चालत इथं आला, काही वर्षं राज्य केलं आणि एप्रिल २०१६ नंतर कुणाला दिसलाच नाही. त्यानंही भावाशी बोलून काही मिटवल्याची नोंद वनखात्याकडे नाही. पण वाघाला सातबारा नसतो.

साडभाऊंना असतो. ते क्लोजर घेऊन घरी पोचले आणि महिन्याभरात भूमी अभिलेख कार्यालयाची नोटीस आली. उमरेडच्या खऱ्या भावानं खऱ्या शेताच्या मोजणीचा अर्ज केला होता. दोघांनी समक्ष हजर राहावं. साडभाऊ मला सोबत घेऊन गेले. शिबिरात वीस जण होते, इथं सबंध गाव जमलं होतं, आणि फी त्या मानानं किरकोळ.

धुऱ्यावर उभं राहून साडभाऊंनी शिकल्याप्रमाणे सुरुवात केली. आरोप करायचा नाही, आपल्याला काय वाटलं तेवढंच सांगायचं. “तू आंबे उतरवून नेले तेव्हा मला असं वाटलं की मी...”

“वाटलं त तवाच बोलाचं होतं ना!” भाऊ म्हणाला. “एवढी वर्सं का तोंडात आंबा होता?”

मग दोघांनी जे तोंड सोडलं ते तेच, खुर्चीला सांगितलेलं सगळं, फक्त मध्ये मध्ये उत्तरं येत होती आणि बरीचशी उत्तरं बरोबर होती. आईच्या आजारपणात भाऊ आला होता. साडभाऊच गोसेखुर्दवर होते. पाटल्या मोडल्या त्या साडभाऊंच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी. गाव ऐकत होतं, एक म्हातारी ‘बाप्पा बाप्पा’ करत होती. भूकरमापक शांतपणे मशीन लावून बसला होता. त्यानं तीन शेतांच्या कोपऱ्यावर खूण ठोकली, नकाशा पाहिला, पुन्हा पाहिला आणि सांगितलं की झाड दोघांपैकी कुणाच्याच गटात येत नाही. ते शेजारच्या पाटलाच्या हद्दीत आहे.

दोघे भाऊ एकदम वळून भूकरमापकावर तुटून पडले. साडभाऊंनी त्याला मशीनचा कोन चुकल्याचं खात्याच्या भाषेत सुनावलं आणि धाकट्यानं गावच्या. पाटील हसला, तेव्हा धाकट्यानं साडभाऊंच्या दंडाला धरलं आणि म्हणाला, “चाल दादा, उमरेडले. वकिलाकडं.” मी माझी माझी बस पकडून नागपूरला आलो; ते दोघं एका गाडीवर गेले. पाटलानंही वकील दिला आहे.