पिवळ्याचं श्रेय

पोटरीवर नाहीतर दंडावर काळानिळा डाग दिसला, की आमच्या घरी "दुखतंय का?" असं कुणी विचारत नाही. "कुठे धडपडलास?" असं विचारतात, आणि "आठवत नाही" हे उत्तर चालत नाही. पलंगाचा कोपरा आणि स्कूटरचा स्टँड यांच्याशी माझं रोजचंच वाकडं. कुणी कधी डाव साधला, याचा पंचनामा कोण करत बसणार?

मग निदानं सुरू होतात. बायको म्हणते, अशक्तपणा, बीट खा. शेजारचे काका म्हणतात, वय झालं. हृदयासाठी ते रोज अ‍ॅस्पिरिन घेतात आणि कातडीही उतारवयाने पातळ झालेली, त्यामुळे भाजीची पिशवी घासली तरी त्यांच्या हातावर जांभळे चट्टे उठतात. या विषयातला त्यांचा अधिकार मोठा.

शेवटचा शब्द आत्याचा. "रक्त साकळलंय!" सहाण निघते. आंबेहळद उगाळायची, तुरटीची चिमूट टाकायची, पळीत कोमट करून कापसाच्या बोळ्याने थापायची. पहिल्या दिवशी शेक नको, फडक्यात गुंडाळलेला बर्फ बरा, हे सांगेपर्यंत शर्टाची बाही कामातून गेलेली असते.

खरं तर आत सगळं शिस्तीत चाललेलं असतं. धक्क्याने बारीक केशवाहिन्या फुटतात, रक्त कातडीखाली झिरपतं. आधी लालसर, मग प्राणवायू संपला की निळं-जांभळं. पांढऱ्या पेशी सफाईला येतात आणि हिमोग्लोबिन मोडतात. त्यातून आधी बिलिव्हर्डिन होतं, ते हिरवं. मग बिलिरुबिन, ते पिवळं, काविळीत डोळ्यांत उतरतं तेच. साधारण दोन आठवड्यांत सगळं साफ, तेही कुणी अर्ज न करता.

घोळ होतो तो पिवळ्याशी. डाग आपल्या वेळेला पिवळा होतो आणि वर हळदही पिवळीच. कुठलं पिवळं कुणाचं, हे ठरवायला साबण लावून घासावं, तर घासून घासून कातडी लाल होते आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर तिथे काळपट डाग उरतो. तो मेलॅनिनचा. मूळ डाग गेल्यावरही महिनोन्‌महिने मुक्काम ठोकतो.

काही न लागता डाग उठू लागले, हिरड्यांतून रक्त आलं, किंवा तापात टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले, तर मात्र सहाण बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा आणि प्लेटलेट मोजून घ्याव्यात. हे आत्यालाही मान्य आहे. डेंग्यूपुढे ती हळदीचा आग्रह धरत नाही.

एरवी श्रेय सोडायला ती तयार नसते. परवा मी तिला बिलिव्हर्डिनबद्दल सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "केवढ्याला मिळतं?"

"फुकट. शरीरच तयार करतं."

"मग त्याचा काय गुण येणार!" असं म्हणून तिने पळी गॅसवर ठेवली.