हिरव्या फांदीचा मान

कुही तालुक्यातल्या घरांनी ऑलिव्ह तेलाला जो मान दिला आहे, त्याची नोंद व्हायला हवी. नागपूरच्या मॉलमधून डबा येतो, ओट्यावर दर्शनी जागी बसतो आणि त्यातच भजी तळली जातात. दुधात पाणी किती, हे बोट बुडवून पाहणारे आपण डब्यावरच्या हिरव्या फांदीवर मात्र डोळे मिटून विश्वास टाकतो.

फांदीखालची बारीक अक्षरं वाचण्याचा संशयीपणा आपण करत नाही, हे विशेष. एक्स्ट्रा व्हर्जिन म्हणजे फळं दळून, रसायनाशिवाय, निव्वळ यंत्राने काढलेलं तेल. त्यात मुक्त आम्ल 0.8 टक्क्याहून जास्त चालत नाही. ते घशाला किंचित खवखवतं. ती त्यातल्या पॉलिफेनॉलची खूण. एवढ्या निगुतीने राखलेला वास आपण कढईत मनसोक्त उडवून देतो, कंजूषपणा नाही. डब्यावर 'लाइट' लिहिलेल्या तेलात रंग आणि वास तेवढा हलका, कॅलरी मात्र ग्रॅमला 9, म्हणजे इतर तेलांइतक्याच. तरीही हलकं म्हणून जे दोन पळ्या जास्त घालतात, त्यांची श्रद्धा अढळ मानावी लागेल.

पण खरा गौरव व्हावा तो पोमेसचा. तेल निघाल्यावर ऑलिव्हचा चोथा उरतो. त्यातलं उरलंसुरलं तेल द्रावकाने, बहुधा हेक्झेनने, ओढून काढतात, रिफाइन करतात आणि वर थोडं व्हर्जिन मिसळतात. खायला सुरक्षित, तळायला उत्तम. फक्त ढेपेतलं तेल. आपली ढेप आपण गाईम्हशींपुढे ठेवतो, परदेशी ढेपेतलं तेल पाहुण्यांच्या ताटात वाढतो. आदरातिथ्याची इतकी थोर कल्पना दुसरीकडे सहसा आढळणार नाही.

या प्रगतीसाठी जवसाने जागा करून दिली, तेही विसरू नये. पूर्व विदर्भात उभ्या धानात फेकून पेरायचा जवस, बांधीतल्या उरल्या ओलीवर वाढायचा, आणि त्याचं तेल घाण्यावरून घरी यायचं. सावजी रस्स्याची जुनी ओळख याच तेलाची. त्यातलं निम्म्याहून जास्त स्निग्धाम्ल ओमेगा-3 असतं. ऑलिव्हमध्ये ते जेमतेम 1 टक्का. जवसाचं तेल लवकर खवट होतं, म्हणून थोडंच आणून अंधारात ठेवावं लागतं. एवढी उस्तवार करण्यापेक्षा जवस पोत्याने विकावा आणि पोमेसचा डबा आणावा, हा व्यवहार आपल्याला पटला आहे. 'एनएल-260'सारखा जवसाचा वाण थेट नागपुरात तयार झाला, तरी आपण विचलित झालो नाही.

असा व्यवहार साधणाऱ्यांचा ग्रामसभेत शालश्रीफळ देऊन सत्कार व्हावा. सोबत एक्स्ट्रा व्हर्जिनची एक बाटली द्यावी. काच गडद असावी आणि भरल्याची तारीख अलीकडची. ते तेल तेवढं कढईत ओतू नये. ज्वारीच्या गरम भाकरीसोबत जवसाची चटणी घ्यावी आणि तिच्यावर ते कच्चंच घालावं.